दोष बॅटरीचा की आल्टरनेटरचा?

सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी, जेथे मध्य प्रदेशाची सीमा विदर्भाला येऊन भिडते, तेथे पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके आहेत. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेत नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले. हे दोन तालुके छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशात राहिले. २०२३ साली हा भाग छिंदवाड्यापासून वेगळा होऊन पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. नकाशावर राज्यांची रेघ ओढली गेली, तरी माणसांची जा-ये काही थांबली नाही. येथील पुष्कळ घरांची बोली मराठी, सोयरीक वऱ्हाड-नागपुराकडची, मोठी बाजारपेठ नागपूर आणि मोठे दवाखानेही नागपुरातच. पांढुर्ण्याहून बैतूल-नागपूर हमरस्ता जातो आणि सौंसरहून छिंदवाडा-नागपूर. सौंसर ते नागपूर हे अंतर सुमारे साठ-पासष्ट किलोमीटर, तर पांढुर्णा ते नागपूर शंभराच्या आतबाहेर.

अशा मुलखात मोटार ही चैनीची वस्तू राहत नाही; ती संसाराचे एक साधन होऊन बसते. आंबिया बहाराची संत्री तोडणीला आली की बागेतून मंडीत आणि मंडीतून नागपुराकडे मालाची ने-आण चालू होते. जामसावळीच्या मारुतीच्या दर्शनाला गाड्या भरून माणसे जातात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीच्या पात्रात गोटमार होते, तेव्हा आसपासच्या खेड्यांतील जीपगाड्यांना क्षणाची उसंत नसते. अन् रात्री-अपरात्री एखाद्या बाळंतिणीला नागपूरला न्यावयाचे झाले, तर शेजाऱ्याच्या गाडीवाचून दुसरा आधार नसतो. नेमक्या अशा वेळी किल्ली फिरवावी आणि इंजिनाने नुसती टक्‌टक् करून गप्प बसावे, हा अनुभव या भागातील अनेक गाडीवाल्यांच्या परिचयाचा आहे.

मग पहिला निकाल लागतो तो बॅटरीवर. ‘बॅटरी बसली’ असे चारजण म्हणतात. नवी बॅटरी येते, गाडी झटक्यात सुरू होते आणि निदान अचूक ठरल्याचे समाधान सर्वांना लाभते. हे समाधान कधी कधी दोन दिवसच टिकते. पुन्हा एके दिवशी किल्ली फिरते आणि पुन्हा तीच टक्‌टक्. बॅटरीचे पैसे गेले, गाडी मात्र होती तेथेच राहिली. याच्या उलट प्रकारही घडतो. आल्टरनेटर काढून नवा बसविला जातो आणि मागाहून कळते, की एका गंजलेल्या तारेपायी हा सारा खर्च झाला. दोन्ही ठिकाणी चूक एकच. परीक्षा होण्यापूर्वीच शिक्षा झालेली असते.

बॅटरी आणि आल्टरनेटर यांचे नाते शेतकऱ्याला समजावून सांगणे कठीण नाही. बॅटरी ही कणगी आहे. आल्टरनेटर हे शेत आहे. कणगीत धान्य साठते, पिकत नाही. इंजिन सुरू करताना जो मोठा धक्का द्यावा लागतो, तेवढ्यापुरते धान्य कणगीतून काढावयाचे. इंजिन एकदा फिरू लागले, की दिवे, पंखा, इंधनाचा पंप आणि इंजिनाचा संगणक या सर्वांचे पोट आल्टरनेटरने भरावयाचे आणि कणगीतून काढलेले माप परतही टाकावयाचे. शेत पिकेनासे झाले तर कणगी कितीही नवी असो, ती रिकामी होणारच. आणि कणगीलाच भोक पडले असेल, तर शेत कितीही पिकले तरी घरात उपास घडणारच. दोन्ही प्रकारांत घरातल्या माणसाला दिसते ते एकच, कणगीचा तळ. म्हणून नुसता तळ पाहून निकाल देता येत नाही.

आल्टरनेटर हे यंत्र आत काय करते, हेही थोडक्यात पाहिले पाहिजे. कारण रोगाचे स्थान कळल्याशिवाय लक्षणांचा अर्थ लागत नाही. तारेच्या वेटोळ्याजवळून चुंबक फिरविला की तारेत वीज उत्पन्न होते, हे तत्त्व मायकेल फॅरडे याने १८३१ साली सिद्ध केले. आल्टरनेटरमध्ये इंजिनाच्या पट्ट्याने फिरणारा जो भाग असतो, त्याला रोटर म्हणतात. त्याच्या गुंडाळीत कार्बनच्या दोन लहान तुकड्यांवाटे थोडीशी वीज सोडली की तो चुंबक बनतो. त्याच्या भोवती स्टेटर नावाचा स्थिर भाग असतो आणि त्यातील तीन गुंडाळ्यांत खरी वीज उपजते. परंतु ही वीज उलटसुलट वाहणारी असते. बॅटरीला तर एकाच दिशेने वाहणारी वीज हवी. म्हणून वाटेत डायोड बसविलेले असतात. साध्या रचनेत मुख्य डायोड सहा. जनावरांच्या फाटकाला एका अंगानेच उघडणारे दार बसवावे, तसे त्यांचे काम. शेवटी असतो रेग्युलेटर. इंजिन मंद असो की भरधाव, विजेचा दाब ठराविक मर्यादेत राखणे हे त्याचे कर्तव्य. जुने मिस्त्री त्याला अजून ‘कटआऊट’ म्हणतात.

पूर्वी या जागी डायनामो असे. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीला विजेने चालणारा स्टार्टर बसविला गेला आणि तेव्हापासून बॅटरी व डायनामो हे मोटारीचे नित्याचे सोबती झाले. डायनामोचा मोठा दोष असा, की इंजिन मंद चालत असता तो जवळजवळ काहीच देत नसे. १९६० सालापासून क्रायस्लर कंपनीने आपल्या व्हॅलिअंट मोटारीत आल्टरनेटर सरसकट बसविण्यास आरंभ केला. स्वस्त व टिकाऊ सिलिकॉन डायोड हाती आल्यामुळे हे शक्य झाले. भारतात अँबॅसेडरसारख्या गाड्या प्रथम डायनामोवरच धावल्या. १९८३ च्या डिसेंबरात आलेली मारुती ८०० मात्र आल्टरनेटर घेऊनच आली. हा इतिहास सांगण्याचे कारण असे, की डायनामोच्या काळातील काही सवयी गॅरेजांमध्ये वारशाने चालत आल्या आहेत आणि त्यांतील एक फार घातक आहे.

ती सवय म्हणजे इंजिन चालू असता बॅटरीची तार काढून पाहणे. तार काढल्यावर इंजिन चालू राहिले तर आल्टरनेटर चांगला, बंद पडले तर वाईट, असा हा सोपा निवाडा. परंतु बॅटरी ही नुसती कणगी नाही, ती विजेच्या प्रवाहातील धक्के सोसणारा बांधही आहे. बांध एकाएकी काढला तर आल्टरनेटरचा दाब क्षणार्धात कितीतरी पटींनी उसळतो. रेग्युलेटर सावध होण्यापूर्वीच तो लोंढा डायोडमधून आणि इंजिनाच्या संगणकातून जातो. जुन्या जीपमध्ये जळण्यासारखे फारसे काही नव्हते, म्हणून ही परीक्षा खपून गेली. आजच्या मोटारीत तीच परीक्षा आल्टरनेटरहूनही महाग वस्तूचा बळी घेऊ शकते. ही रीत साफ टाकून द्यावी.

मग खरी रीत कोणती? आपल्याकडील वैद्यांनी रोग्याची त्रिविध परीक्षा सांगितली आहे: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. यंत्रालाही ती तंतोतंत लागू पडते. त्यात श्रवण आणि मापन या दोहोंची भर घातली की आल्टरनेटरचे निदान सहसा चुकत नाही. यांपैकी पहिल्या चार परीक्षांना एक पैसा लागत नाही. पाचवीला एक साधा मल्टिमीटर पुरतो.

प्रश्नापासून आरंभ करावा. गाडी केव्हा सुरू होत नाही? नागपूरहून दोन-तीन तास धावून आलेली गाडी लगेच पुन्हा सुरू होत नसेल, तर वाटेत बॅटरीत काही पडलेच नाही असा अर्थ होतो आणि संशय आल्टरनेटरकडे वळतो. धावून आल्यावर गाडी उत्तम सुरू होते, परंतु दोन दिवस उभी राहिली की मरते, असे असेल तर बॅटरी थकलेली आहे किंवा कोठेतरी वीज गळते आहे. बॅटरी किती वर्षांची? या भागातील वैशाख-ज्येष्ठाचा उन्हाळा बॅटरीचे आयुष्य झपाट्याने खातो, हे लक्षात ठेवावे. अलीकडे मोठे दिवे, भोंगे, गाण्यांचे यंत्र असे काही नवे बसविले आहे काय? इंजिनाचे काम नुकतेच झाले आहे काय? काम झाल्यावर एखादी अर्थिंगची तार जोडावयाची राहून जाणे ही अगदी नित्याची गोष्ट आहे.

यानंतर दर्शन. किल्ली फिरवून इंजिन सुरू करण्यापूर्वी समोरच्या फलकावर बॅटरीचे चित्र असलेला तांबडा दिवा पेटला पाहिजे. इंजिन सुरू होताच तो विझला पाहिजे. या एका दिव्यात बरीच माहिती साठविलेली आहे. इंजिन चालू असताही तो पेटलेला असेल तर भरणा होत नाही. तो मिणमिणत असेल तर डायोडचा किंवा ढिल्या जोडाचा संशय घ्यावा. इंजिन मंद असता पेटतो व वेग वाढताच विझतो, असे असेल तर पट्टा सैल आहे किंवा कार्बन झिजले आहेत, असे समजावे. आणि किल्ली फिरवल्यावर तो मुळीच पेटत नसेल, तर तेही चिन्ह शुभ नव्हे. पुष्कळ गाड्यांत रोटरला प्रथम जागे करणारी वीज याच दिव्यातून जाते. दिव्याची तार तुटली की रोटर झोपून राहतो आणि दोन पैशांच्या दिव्यापायी आल्टरनेटर बदनाम होतो. नव्या गाड्यांत हा दिवा संगणकाच्या हुकमाने पेटतो, म्हणून तेथे हा नियम जसाच्या तसा लावू नये.

त्यानंतर बॅटरीच्या टोकांकडे पाहावे. त्यांवर पांढरी-हिरवी बुरशी चढली असेल, तर आल्टरनेटरची वीज उंबरठ्यावरूनच परत जाते. ती टोके सोडवून, खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुऊन, घासून पुन्हा घट्ट आवळली, तर निम्मी दुखणी तेथेच बरी होतात. टोके सोडविताना ऋण बाजूची आधी सोडवावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी. बॅटरीजवळ बिडी पेटवू नये, कारण भरताना तिच्यातून ज्वालाग्राही वायू निघतो. मग पट्टा पाहावा. तो तडकलेला, काठाने उसवलेला किंवा तेलाने चकाकणारा असेल तर बदलावा. अनेक डिझेल जीप व टेम्पोंमध्ये ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंप आल्टरनेटरच्याच पाठीवर बसविलेला असतो. त्याचे सील गेले की तेल आत झिरपते, कार्बन बुडतात आणि आल्टरनेटर मरतो. तेथे नुसते कार्बन बदलून काय होणार? सील तसेच राहिले तर नवे कार्बनही तेलात बुडतील.

स्पर्शन इंजिन बंद करूनच करावे. पट्ट्याच्या सर्वांत लांब भागावर अंगठ्याने दाबले असता जुन्या पद्धतीचा पट्टा सुमारे अर्धा इंच दबावा. त्याहून फार दबला तर तो घसरतो, मुळीच दबत नसेल तर बेअरिंग खातो. ज्या गाड्यांत पट्टा ताणणारी स्प्रिंगची कप्पी असते, तेथे ती कप्पी तपासावी. आल्टरनेटरची कप्पी धरून हलविली असता ती डुलता कामा नये. आणखी एक जुनी युक्ती अनेक आल्टरनेटरांवर चालते. इंजिन बंद ठेवून फक्त किल्ली चालू करावी आणि लोखंडी पेचकस आल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ न्यावा. पेचकस ओढला गेला, तर रोटर चुंबक बनतो आहे, म्हणजे कार्बन आणि रोटरची गुंडाळी यांतून वीज वाहते आहे. मुळीच ओढ नसेल, तर दोष रोटरकडे, कार्बनकडे किंवा त्यांना वीज पुरविणाऱ्या तारेकडे आहे. जेथे पाच ठिकाणे शोधावयाची, तेथे या एका खुणेने दोन-तीनच उरतात.

श्रवणाचे महत्त्व नभोवाणीच्या श्रोत्यांना वेगळे सांगावयास नको. सकाळी इंजिन सुरू होताच किंवा हेडलाईट लावताच किंचाळल्यासारखा आवाज येऊन थोड्या वेळाने थांबला, तर पट्टा घसरतो आहे. जात्यात खडा सापडावा तसा घरघराट सतत येत असेल, तर बेअरिंग गेले आहे. मोटारीतील रेडिओत एक बारीक गुणगुण ऐकू येते आणि इंजिनाच्या वेगाबरोबर ती चढते-उतरते, असे झाल्यास डायोड तपासावेत. उलटसुलट वाहणारी वीज फाटक ओलांडून आत शिरली आहे, याची ती बहुधा खूण असते. आवाज ऐकताना गळ्यातील दुपट्टा किंवा सैल बाही फिरत्या पट्ट्याजवळ जाऊ देऊ नये.

आता मापन. हे तीन टप्प्यांत करावयाचे असते. पहिला टप्पा गाडी काही तास उभी राहिल्यानंतरचा. बॅटरीच्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावावा. १२.६ व्होल्टच्या आसपास दाब असेल तर बॅटरी भरलेली, १२.२ असेल तर सुमारे अर्धी. १२ च्या खाली असेल तर ती रिती समजावी. दुसरा टप्पा इंजिन सुरू करतानाचा. स्टार्टर फिरत असता दाब साडेनऊ व्होल्टच्या खाली कोसळला आणि बॅटरी तर भरलेली होती, असे दिसले, तर दोष बहुधा बॅटरीत आहे. जिची झाकणे उघडतात अशा बॅटरीत हायड्रोमीटरने प्रत्येक कप्पा तपासावा. भरलेल्या कप्प्यातील आम्लाची घनता सुमारे १.२६ ते १.२८ असते. पाच कप्पे सारखे आणि सहावाच फार खाली असेल, तर तो कप्पा मेलेला आहे. त्याला कोणताही आल्टरनेटर जिवंत करू शकत नाही.

तिसरा टप्पा इंजिन चालू असतानाचा आणि हाच निर्णायक. इंजिनाचा वेग किंचित वाढवून ठेवावा. दाब साधारणतः १३.८ ते १४.५ व्होल्ट यांच्या दरम्यान चढला पाहिजे. पाणी उंचावरून सखल जागी वाहते. म्हणून आल्टरनेटरचा दाब बॅटरीच्या दाबाहून वर असल्याशिवाय बॅटरीत काहीच शिरत नाही. यानंतर हेडलाईट, पंखा, वायपर असा सारा भार चालू करावा. दाब थोडा उतरेल; परंतु १३ च्या वर टिकून राहिला तर आल्टरनेटर आपले काम करतो आहे. इंजिन चालू असता दाब १२ वरच रेंगाळतो आणि हळूहळू उतरतो, तर भरणा नाही. दाब १५ च्या वर जातो, तर रेग्युलेटर बिघडला आहे. हा दोष कमी भरण्याहूनही वाईट. त्याने बॅटरीतील पाणी आटते, दिवे वारंवार जळतात आणि मालक दर महिन्याला पाणी घालून बॅटरीलाच बोल लावीत राहतो. मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या इंजिनावर दाब १३.६ दिसला, तर घाबरून जाऊ नये. उष्णता वाढली की पुष्कळ रेग्युलेटर दाब मुद्दाम थोडा उतरवितात.

भरणा नाही असे ठरल्यावरही आल्टरनेटर लगेच उतरवू नये. एक साक्ष अजून घ्यावयाची असते. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या धन टोकावर आणि दुसरे आल्टरनेटरच्या जाड तारेच्या बोल्टवर ठेवावे. भार चालू असता या दोहोंमधील अंतर ०.३ व्होल्टच्या आत असावे. आल्टरनेटरवर १४.४ आणि बॅटरीवर १२.८ असे दिसले, तर आल्टरनेटर निर्दोष आहे. वाटेतील तार, फ्यूज किंवा जोड दोषी आहे. तसेच बॅटरीचे ऋण टोक आणि आल्टरनेटरचे अंग यांमध्ये ०.२ व्होल्टहून अधिक अंतर असेल, तर अर्थिंग गंजले आहे. शेवटी मल्टिमीटर उलटसुलट विजेच्या मापावर नेऊन बॅटरीवर लावावा. अर्ध्या व्होल्टहून अधिक दिसल्यास डायोड गेल्याचा दाट संशय घ्यावा.

डायोड फुटला तर आणखी एक चमत्कारिक दुखणे उद्भवते. दिवसा गाडी ठीक चालते आणि रात्री बॅटरी आपोआप रिकामी होते. एका अंगानेच उघडणारे फाटक उघडेच राहिले, म्हणून कणगीतील धान्य शेताकडे परत वाहू लागते. याचे मापही घेता येते. गाडी बंद करून, संगणक झोपी जाण्यास अर्धा तास देऊन, बॅटरीच्या ऋण तारेत अँपिअर मोजावेत. ०.०५ अँपिअरच्या आत गळती असेल तर ती घड्याळ व संगणकाची नित्याची भूक होय. एक अँपिअर गळत असेल, तर बारा तासांच्या रात्रीत बारा अँपिअर-तास गेले. लहान मोटारीत नित्य आढळणारी ३५ अँपिअर-तासांची बॅटरी यात तृतीयांशाने रिती होते. बॅटरी सोडवून आल्टरनेटरची जाड तार वेगळी करावी, तिचे टोक कापडाने झाकावे, पुन्हा माप घ्यावे. गळती थांबली तर चोर सापडला. न थांबली तर एकेक फ्यूज काढून पुढे शोधावे.

गेल्या काही वर्षांतील नव्या गाड्यांत मात्र एक फरक झाला आहे. तेथे आल्टरनेटरचा दाब संगणक ठरवितो आणि इंधन वाचविण्यासाठी तो मधूनमधून भरणा मुद्दाम थांबवितो. अशा गाडीत क्षणभर १२.७ दिसले म्हणजे रोग झाला असे नाही; हेडलाईट व पंखा लावल्यावर दाब चढतो की नाही ते पाहावे आणि स्कॅनरवर नोंदलेला दोष वाचावा. मारुती सुझुकीने २०१५ साली सियाझ गाडीत स्टार्टर व आल्टरनेटर यांचे काम एकाच यंत्राकडे सोपविले. असे यंत्र रस्त्याकडेच्या टपरीत खोलण्याजोगे नव्हे.

निदान झाल्यावर उपचार सोपा असतो आणि बहुधा स्वस्तही. कार्बन, बेअरिंग, रेग्युलेटर, डायोडची प्लेट हे भाग पुष्कळ आल्टरनेटरांसाठी वेगवेगळे मिळतात. गुंडाळी जळली असेल तरच सबंध आल्टरनेटर बदलण्याचा प्रश्न येतो. नवा आल्टरनेटर बसविला तर पूर्ण रिती बॅटरी त्याच्या गळ्यात बांधू नये. ती आधी चार्जरवर भरून घ्यावी. मेलेली बॅटरी उठविता उठविता आल्टरनेटर तापून स्वतःच आजारी पडतो.

या साऱ्या खटाटोपाचे मोल पैशांपुरते नाही, हे घाटरस्ता ओळखणाऱ्यांना सांगणे नको. सौंसरहून छिंदवाड्याकडे जाताना रामाकोना मागे पडले की पुढे सिल्लेवानीचा घाट लागतो. तेथे रात्री आल्टरनेटर गेला तर काय होते, याचा हिशेब करून पाहावा. दोन हेडलाईट मिळून सुमारे ९ अँपिअर घेतात. इतर दिवे, इंधनाचा पंप व संगणक यांचे आणखी दहा-अकरा धरले तर एकूण २० अँपिअर झाले. भरलेली ३५ अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर पावणेदोन तास पुरते. प्रत्यक्षात दाब त्याआधीच इतका उतरतो, की दिवे पिवळे पडतात, विजेवर चालणारे स्टिअरिंग जड होते आणि इंजिन आचके देऊ लागते. बॅटरी जुनी असेल तर अर्ध्या तासाचीही हमी नाही. जुनी डिझेल जीप एकदा सुरू झाल्यावर फारशा विजेवाचून चालते आणि धक्का मारून सुरूही होते. म्हणूनच तिचे मालक आल्टरनेटरचे दुखणे महिनोन्‌महिने अंगावर काढतात. पण दिवे तर विजेवरच लागतात. आणि व्हॅक्यूम पंप त्याच पट्ट्यावर असेल तर पट्टा तुटताच दोन-चार वेळा दाबल्यावर ब्रेकचे पेडल दगडासारखे घट्ट होते. घाटाच्या उतारावर याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगावयास हवे काय?

म्हणून वाटेत तांबडा दिवा पेटला तर प्रथम इंजिनाच्या तापमानाच्या काट्याकडे पाहावे. काटा चढत असेल, तर पाण्याचा पंप चालविणारा पट्टाच तुटला आहे; गाडी तत्काळ बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. काटा स्थिर असेल आणि ब्रेक नेहमीसारखे असतील, तर वातानुकूलन, पंखा, गाणी, फोनचा चार्जर असे सारे बंद करून, इंजिन मात्र चालू ठेवून जवळच्या वस्तीपर्यंत जावे. दिवसाउजेडी या युक्तीने पुष्कळ अंतर कापता येते. रात्री घाट पुढे असेल तर चढू नये. रामाकोना किंवा पलीकडील उमरानाला येथेच थांबावे. घाटातल्या वळणावर दिवे विझल्यावर मदतीची वाट पाहण्यापेक्षा वस्तीत रात्र काढलेली केव्हाही बरी.

या दोन तालुक्यांत यंत्राची जाण असलेल्या माणसांचा तोटा नाही. विहिरीवरील पंपापासून कापसाच्या जिनापर्यंत अनेक यंत्रे येथील हातांनी चालविली आणि दुरुस्त केली आहेत. उणीव आहे ती क्रमाची. आधी विचारावे, मग पाहावे, मग हात लावावा, कान द्यावा, माप घ्यावे आणि सर्वांत शेवटी खिशात हात घालावा. मल्टिमीटरची ही परीक्षा दहा मिनिटांची असते. संत्र्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वी आणि पावसाळ्याच्या तोंडाशी, अशी वर्षातून दोन वेळा ती करून घेतली, तर बॅटरीवर येणारे निम्मे खोटे आळ टळतील आणि आल्टरनेटरचे दुखणे घाटात कळण्याऐवजी घराच्या अंगणातच कळेल.